छत्री उघडलीच नाही तर?

फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये सुमारे १३,००० फुटांवरून विमानाबाहेर उडी घेतली, आणि तीही नऊवारी नेसून. ते छायाचित्र तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. याच शीतलताईंनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर हवाई छत्रीने उडी घेतली होती. पुढे २०११ मध्ये त्यांना 'पद्मश्री' मिळाली. हा विषय वर्गात निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, छत्री उघडलीच नाही तर?" उत्तरही ठरलेले आहे. पाठीवरच्या त्याच पिशवीत आणखी एक छत्री असते, तिला राखीव छत्री म्हणतात. मग मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न येतो : "आणि तीही उघडली नाही तर?"

हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा फार चांगला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडा हिशेब करू.

मुख्य छत्रीत बिघाड होऊन राखीव छत्री वापरण्याची वेळ ढोबळमानाने हजार उड्यांत एकदा येते. समजा, राखीव छत्रीही हजारात एकदाच दगा देते. (प्रत्यक्षात ती अधिक भरवशाची असते, पण हिशेबाला सोपे जावे म्हणून हाच आकडा धरू.) तर दोन्ही छत्र्या एकाच उडीत निकामी होण्याची संभाव्यता किती? हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक. उत्तर दिलासा देणारे आहे. पण गणिताच्या पुस्तकात या गुणाकारापूर्वी एक अट लिहिलेली असते आणि घाईत आपण ती वाचत नाही. दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तरच संभाव्यतांचा गुणाकार करता येतो. पहिल्या छत्रीच्या बिघाडामुळेच दुसरी बिघडणार असेल, तर दहा लाखांचा आकडा कागदावरच राहील. राखीव छत्रीची सारी रचना, तिची सारी शिस्त, ही एक अट पाळण्यासाठी आहे. ती कशी, ते पाहू.

प्रथम वेळेचा हिशेब. विमानातून बाहेर पडलेला माणूस सतत वाढत्या वेगाने पडत राहतो, असे पुष्कळांना वाटते. निर्वात जागेत तसे झाले असते. १२ सेकंदांनी त्याचा वेग सेकंदाला ११८ मीटर झाला असता आणि तो ७०० मीटर खाली आला असता. पण हवा असते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. वाढता वाढता हा रोध माणसाच्या वजनाइतका झाला, की वेग वाढणे थांबते. हा झाला अंतिम वेग. पोट खाली करून, हातपाय पसरून पडणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो सेकंदाला सुमारे ५५ मीटर असतो, म्हणजे ताशी जवळजवळ २०० किलोमीटर. बारा सेकंदांत तो या वेगाच्या अगदी जवळ पोहोचतो आणि तोवर सुमारे ४५० मीटर खाली आलेला असतो.

सेकंदाला ५५ मीटर वेगाने जमिनीवर आदळणे म्हणजे हवा नसताना १५४ मीटर उंचीवरून पडण्यासारखे आहे. छत्रीखाली हाच वेग सेकंदाला ५ मीटर होतो; हे सव्वा मीटर उंचीच्या ओट्यावरून खाली उडी मारण्यासारखे झाले. वेग ११ पट कमी करायचा, तर रोध निर्माण करणारे क्षेत्र ११ चा वर्ग, म्हणजे १२१ पट वाढवावे लागते. सैनिकांच्या गोल छत्रीचा व्यास सुमारे दहा मीटर का असतो, हे तुम्हाला यावरून काढता येईल. माणसाचे क्षेत्र पाऊण चौरस मीटरच्या आत-बाहेर धरा आणि करून पाहा.

आता उंचीचे सेकंदांत रूपांतर करू. समजा, उडी घेणाऱ्याने जमिनीपासून १,००० मीटरवर छत्री उघडायला घेतली. अंतिम वेगाने हे अंतर १८ सेकंदांत संपते. मुख्य छत्री नीट उघडायला तीन-चार सेकंद लागतात आणि त्यात दोन-अडीचशे मीटर जातात. खाली उरले साडेसातशे. छत्री बिघडलेली आहे हे त्याच्या लक्षात यायला हवे, निर्णय व्हायला हवा, हात मुठीपर्यंत जायला हवा आणि राखीव छत्रीला उघडायला दोन-तीन सेकंद मिळायला हवेत. सरावलेल्या उडी घेणाऱ्यांसाठी अमेरिकेतील संघटनेने निर्णयाची उंची १,८०० फूट, म्हणजे सुमारे ५५० मीटर ठरवली आहे. शिकाऊंसाठी २,५०० फूट. या उंचीपर्यंत मुख्य छत्री सुधारली नाही, तर तिचा नाद सोडायचा. आपल्या हिशेबात साडेसातशे आणि साडेपाचशे यांत अंतर आहे २०० मीटरांचे. बिघडलेल्या छत्रीखाली तो सेकंदाला २५ मीटर वेगाने उतरत असेल, तर विचाराला मिळाले आठ सेकंद. पन्नासने पडत असेल, तर चार. चार सेकंदांत तुम्ही हे वाक्य जेमतेम वाचून पूर्ण कराल.

छत्री 'बिघडते' म्हणजे नेमके काय होते? 'उघडली नाही' हा त्यातला फक्त एक प्रकार आहे, आणि कदाचित निर्णयाला सर्वांत सोपा.

आजकालची क्रीडाछत्री गोल नसते. ती लांबट, विमानाच्या पंखासारखी असते. कापडाचे दोन थर, मध्ये उभे पडदे आणि पुढच्या कडेला उघडी तोंडे. त्या तोंडांतून हवा शिरते आणि पंख फुगून ताठ होतो. डोमिना जाल्बेर या अमेरिकन संशोधकाने १९६० च्या दशकात ही कल्पना मांडली. हा पंख नुसता रोध करीत नाही, त्याला वर उचलणारे बलही मिळते. म्हणून तो गोल छत्रीपेक्षा आकाराने खूप लहान असला तरी चालतो आणि हवा तिकडे वळवता येतो. ही छत्री बाहेर कशी येते, तेही लक्षात घ्या. उडी घेणारा एक छोटी ओढछत्री हवेत फेकतो. तिला वारा धरतो, ती मागची दोरी ताणते, दोरीच्या टोकाची खीळ निघते, छत्रीची पिशवी बाहेर ओढली जाते, दोऱ्या मोकळ्या होतात आणि शेवटी पंख पसरतो. हे सारे अर्ध्या सेकंदात झाले, तर शरीराला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या दहापट धक्का बसेल. म्हणून दोऱ्यांवर एक चौकोनी कापड असते. त्याच्या चार कोपऱ्यांतल्या कड्यांतून दोऱ्या ओवलेल्या असतात. ते कापड वाऱ्याच्या दाबामुळे वर अडून राहते आणि हळूहळू खाली घसरते, त्यामुळे पंख बेताबेताने उघडतो.

या साखळीतला प्रत्येक दुवा कधी ना कधी तुटू शकतो. ओढछत्रीची मूठ हाताला लागत नाही. मूठ लागली, ओढछत्री बाहेर आली, पण खीळच निघत नाही. खीळ निघाली, पण दोऱ्यांचा गुंता होऊन पंख पिशवीतच अडकून राहतो. पंख बाहेर आला, पण एखादी दोरी त्याच्यावरून पलीकडे गेली आणि त्याचे दोन विजोड फुगे झाले. चौकोनी कापड वरच अडकले. दोऱ्यांना पीळ पडले. असे अनेक प्रकार.

यांतला सर्वांत फसवा प्रकार म्हणजे जवळजवळ उघडलेली छत्री. डोक्यावर कापड दिसते आहे, वेगही बराच कमी झालेला आहे, फक्त एका बाजूला ओढ आहे. अशी छत्री गरगर फिरू लागते. समजा, माणूस ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दर ३ सेकंदांना एक फेरा घेतो आहे. कोनीय वेगाच्या वर्गाला त्रिज्येने गुणा : केंद्राकडील त्वरण सेकंदवर्गाला २२ मीटर येते. गुरुत्वाचे ९.८ त्यात काटकोनात मिळवा. माणसाला आपले वजन सुमारे अडीचपट झाल्यासारखे वाटेल. चार किलोचा हात दहा किलोचा होईल, आणि याच हाताने मूठ शोधून ओढायची आहे. शिवाय फिरणे वाढत जाते. म्हणून 'आणखी एकदा प्रयत्न करून पाहू' हा विचार इथे घातक ठरतो. प्रशिक्षणात उडी घेणाऱ्यांना तीनच प्रश्न विचारायला शिकवतात. छत्री पुरती पसरली आहे का? ती वळवता येते का? उतरताना आवरता येते का? एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल आणि निर्णयाची उंची आली असेल, तर ती छत्री गेली असे समजायचे.

आणि गेली, म्हणजे खरोखर सोडून द्यायची. नवख्याला हे सर्वांत विचित्र वाटते. अर्धी का होईना उघडलेली छत्री आहे. ती राहू द्या, वर दुसरी उघडा, दोन बऱ्या की एक! तर्क बरोबर वाटतो. पण दुसरी छत्री ज्या हवेत उघडायची, त्याच हवेत पहिलीचे कापड आणि दोऱ्या फडफडत असतात.

याची फार मोठी किंमत एकदा मोजली गेली आहे. २४ एप्रिल १९६७ रोजी सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर कोमारोव्ह 'सोयुझ-१' यानातून पृथ्वीवर परतत होते. ओढछत्री उघडली, पण तिला मुख्य छत्री कप्प्यातून बाहेर काढता आली नाही. मग राखीव छत्री सोडली गेली. ती वर तरंगत असलेल्या ओढछत्रीत गुंतली आणि फुगलीच नाही. यान जमिनीवर आदळले आणि कोमारोव्ह मृत्युमुखी पडले. यानात दोन छत्र्या होत्या. पण पहिली बाजूला न झाल्यामुळे दुसरी तिच्यापासून स्वतंत्र राहिली नव्हती. संभाव्यतेची ती विसरलेली अट इथे आडवी आली.

हे तुम्हाला शाळेतही पाहता येईल. एका खड्याला दोन रुमालांच्या दोन छत्र्या बांधा. एका रुमालाची मुंडी दोऱ्याने आवळा, म्हणजे तो पुरता उघडणार नाही. दुसरा सैल घडी करून खड्यावर ठेवा. शिक्षकांना सोबत घेऊन, खाली कोणी नाही हे पाहून, वरच्या मजल्यावरून हा जोड वीस वेळा टाका आणि दुसरा रुमाल किती वेळा पहिल्याभोवती गुंडाळला जातो, ते लिहून ठेवा. मग आवळलेला रुमाल कापून टाका आणि पुन्हा वीस वेळा टाका.

हवेत लटकत असताना छत्री सोडायची कशी, हा प्रश्न पूर्वी अवघडच होता. सत्तर-ऐंशी किलोचा माणूस, त्यात फिरण्यामुळे वाढलेला भार. एवढ्या ताणाखालचा पट्टा बोटांच्या जोराने सुटायला हवा, आणि नको तेव्हा मात्र कधीही सुटता कामा नये. बिल बूथ या अमेरिकन तंत्रज्ञाने १९७० च्या दशकात यावर जो उपाय काढला, तो मला फार आवडतो, कारण त्यात नववीच्या पुस्तकातल्या तरफेपलीकडे काही नाही. प्रत्येक खांद्यावर मोठी, मधली आणि लहान अशा तीन कड्या एकीतून एक ओवलेल्या असतात. शेवटच्या लहान कडीला कापडाचा एक फासा धरून ठेवतो आणि त्या फाशातून एक लवचीक तार गेलेली असते. आजीचा अडकित्ता आठवा. सुपारी टेकूजवळ असते, हात दूरच्या टोकाला असतो, म्हणून थोड्या जोरात कठीण सुपारी फुटते. इथे प्रत्येक कडी म्हणजे एक अडकित्ता आहे. समजा, प्रत्येक टप्प्यावर ताण सहावा हिस्सा होतो; तर तीन टप्प्यांनंतर तो २१६ वा हिस्सा उरेल. १०० किलोचा भार तारेपाशी पोहोचेपर्यंत अर्ध्या किलोच्या आत येतो. उजव्या बाजूची मूठ ओढली, की दोन्ही खांद्यांच्या तारा सरकतात, कड्या एकीतून एक उलटतात आणि बिघडलेली छत्री निघून जाते. लगेच डाव्या बाजूची मूठ ओढायची. ती राखीव छत्रीची. आधी उजवी, मग डावी. हा क्रम जमिनीवर लटकून शेकडो वेळा घोटून घेतात. विसरभोळ्यांसाठी एक छोटा पट्टाही असतो : मुख्य छत्री जाता जाता तोच राखीव छत्रीची खीळ ओढून जातो.

मुठींचा विषय निघाला म्हणून नऊवारीबद्दल एक शब्द. सैल कापड वाऱ्याने उडून नेमके मुठीवर आले, तर पुढचे सारे शास्त्र फुकट जाईल. अशा वेशात उडी घेताना सारे कापड अंगालगत पक्के करावे लागते, आणि हे केवळ हौशीचे काम नाही.

बाहेर काहीच आले नसेल, तर सोडायचेही काही नसते. तेव्हा सरळ राखीव छत्रीच उघडायची. ओढछत्री मागे फडफडते आहे पण पिशवी मात्र बंदच आहे, अशा वेळी आधी सोडावे की नाही, यावर जाणकारांत आजही दोन मते आहेत. मात्र आपले मत काय, हे प्रत्येकाने विमानात चढण्यापूर्वी ठरवलेले असावे, यावर सर्वांचे एकमत आहे.

स्वतंत्रतेचा आणखी एक पैलू आहे. मुख्य छत्रीची घडी बहुधा उडी घेणारा स्वतःच घालतो. त्याची सवय चुकीची असेल, तर दोन्ही छत्र्यांत तीच चूक होईल. म्हणून राखीव छत्रीची घडी परवाना असलेला वेगळा कारागीर घालतो. तो तिच्यावर मोहोर लावतो, आणि ती वापरली नसली तरी ठरावीक मुदतीने उघडून, तपासून पुन्हा घालतो. अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची आहे. तिची ओढछत्रीसुद्धा हाताने फेकावी लागत नाही, आतल्या स्प्रिंगमुळे ती आपोआप उसळते. मुख्य छत्रीकडून वेग आणि चपळ वळणे यांची अपेक्षा असते. राखीव छत्रीकडून एकच अपेक्षा असते, आणि तिची बांधणी तेवढ्यापुरतीच केलेली असते.

पण दोन्ही छत्र्यांचा मालक एकच. तोच बेशुद्ध झाला तर? १६ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकन हवाई दलाचे जोसेफ किटिंजर यांनी सुमारे २३,३०० मीटर उंचीवर फुग्यातून उडी घेतली. पडताना स्थिर ठेवणारी लहान छत्री वेळेआधी सुटली आणि तिची दोरी त्यांच्या मानेभोवती अडकली. ते मिनिटाला १२० फेरे घेऊ लागले. अक्षापासून एक मीटरवर याचे त्वरण गुरुत्वाच्या सोळापट येते, करून पाहा. ते बेशुद्ध झाले. दाब पाहून आपोआप काम करणाऱ्या यंत्रणेने राखीव छत्री उघडली म्हणून ते वाचले. पुढच्याच वर्षी त्यांनी याहून उंचावरून, ३१ किलोमीटरवरून, उडी घेतली. काही माणसे वेगळ्याच मातीची असतात.

आज असे यंत्र मुठीएवढे असते. जर्मनीच्या हेल्मुट क्लोट यांचे 'सायप्रेस' १९९१ मध्ये आले आणि अशी यंत्रे सर्वत्र रूढ झाली. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर माणूस अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा अधिक वेगाने पडत असेल, तर त्यातले छोटे पाते राखीव छत्री बंद ठेवणारा फासा कापते. आता मागे जाऊन तो फिरणाऱ्या छत्रीचा वेग पाहा : सेकंदाला २५ मीटर. पस्तीसपेक्षा कमी! म्हणजे अर्धवट छत्रीखाली गरगरणाऱ्या माणसासाठी हे यंत्र मुकाट बसून राहू शकते. पहिली छत्री सोडण्याचे काम ते करीत नाही, आणि हे ठाऊक नसलेला माणूस त्याच्या भरवशावर राहिला तर फसेल.

या यंत्राला उंची कळते ती हवेच्या दाबावरून. आपल्या परिसरात साडेआठ मीटर वर गेले की दाब सुमारे १ मिलिबारने घटतो. पण शून्य उंची कोणती, हे यंत्राला उडी घेण्यापूर्वी जमिनीवर कळायला हवे. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटरवर आहे, तर वणी वर्धा नदीच्या खोऱ्यात ढोबळमानाने दोनशे मीटर खाली. समजा, कोणी वणीच्या जमिनीवर शून्य लावले, विमानात बसले आणि यवतमाळवर उडी घेतली. वणीपासून २२५ मीटर ही उंची यवतमाळपासून भरते फक्त २५ मीटर! यंत्र इमाने-इतबारे आपल्या वेळेला फासा कापील, पण जमिनीला तोवर अर्धाच सेकंद उरलेला असेल. उतरण्याची जागा वेगळ्या उंचीवर असेल, तर तो फरक यंत्राला आधी सांगावा लागतो.

सैनिकांच्या उड्यांचा हिशेब निराळा. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईल येथे सुमारे सातशे भारतीय छत्रीधारी सैनिक उतरले. ती होती पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, मराठ्यांची. अशा उड्या तीन-चारशे मीटरवरून होतात आणि विमानाला जोडलेली पट्टी छत्री आपोआप ओढते. तिथे सोडून देण्याइतकी उंचीच नसते. राखीव छत्री छातीवर असते, सैनिक चार सेकंद मोजतो, वर पाहतो, आणि काही चुकले असेल तर ती हाताने उघडतो.

अवकाशयानांत मात्र वेगळीच युक्ती वापरतात. 'गगनयान'च्या कुपीत निरनिराळ्या कामांच्या मिळून दहा छत्र्या आहेत. शेवटी उघडतात तीन मुख्य छत्र्या, आणि त्यांपैकी दोन पुरेशा होतील अशी रचना केलेली आहे. २४ ऑगस्ट २०२५ रोजी श्रीहरिकोटाजवळ सुमारे ४.८ टनांची नमुना-कुपी हेलिकॉप्टरमधून तीन किलोमीटर उंचीवरून सोडून या छत्र्यांची चाचणी झाली. इथे बिघाड पाहून निर्णय घेणारे कोणी लागतच नाही; राखीव छत्री आधीपासूनच उघडलेली असते. तीनऐवजी दोन उरल्या, तर वेग दीडच्या वर्गमूळाइतका, म्हणजे साधारण सव्वापट होईल. ७ ऑगस्ट १९७१ रोजी 'अपोलो-१५' उतरताना तीनपैकी एक छत्री खरोखरच मिटली होती. यान नेहमीच्या ताशी सुमारे ३१ ऐवजी ३५ किलोमीटर वेगाने पॅसिफिक महासागरात पडले आणि तिघेही अंतराळवीर सुखरूप बाहेर आले.